पंधराशे लिटरचा पाणीपुरवठा

आमच्या चिरंजीवांनी मिशिगनमध्ये नोव्हाय गावी घर घेतलं, तेव्हा मागच्या अंगणातला हॉट टब घराबरोबर आला. आधीच्या मालकाने जाताना पडदे नेले, दिवे नेले, फुलझाडं कुंड्यांसकट नेली; टब मात्र ठेवला. त्यावरूनच आपल्याला काय ते कळायला हवं होतं, असं सौ.चं म्हणणं. टबासोबत एक माहितीपुस्तक होतं. ते कधीतरी टबातच पडून वाळलं असावं, कारण त्याची बरीच पानं एकमेकांना कायमची चिकटली होती. फिल्टर रोज किती तास चालवावा, हे त्या चिकटलेल्या पानांत असणार. सुट्या पानांत टबात बसून विजेची उपकरणं हाताळू नयेत आणि मद्यपान करू नये, एवढंच होतं.

सहा महिन्यांसाठी आलेल्या बापाला अमेरिकेत काम नसतं. गाडी चालवायची नाही, चालत जावं तर दुकान येत नाही, आणि स्वयंपाकघरात सौ.चा अंमल. पण मी एका जिल्ह्याच्या गावी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात आयुष्य काढलेलं आहे. तुरटी, टीसीएल, वाळूचे फिल्टर, बॅकवॉश, व्हॉल्व्हमनच्या रजा आणि रिकाम्या घागरी घेऊन कचेरीवर येणारे मोर्चे, सगळं पाहिलेलं. टबाच्या बाजूची फळी काढून आतले पंप, हीटर, पाइप बघितले आणि लक्षात आलं की ही एक संपूर्ण योजना आहे. साठवण आहे, उपसा आहे, शुद्धीकरण आहे, वितरण आहे. फक्त इथे ग्राहक टाकीतच बसतात.

त्या दिवसापासून टबाचा चार्ज माझ्याकडे आला. आदेश कोणी काढला नव्हता, पण मीही कोणाला विचारलं नव्हतं. सूनबाईंकडून एक कोरी वही घेतली, रेघा मारल्या आणि वर ‘लॉगबुक’ असं लिहिलं.

टब ४०० गॅलनचा. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे झाले १५०० लिटर. आमच्या गावच्या मुख्य जलवाहिनीतून एवढं पाणी चहा येईपर्यंत गळून जायचं आणि कोणी मान वर करून बघायचं नाही. इथे त्या पंधराशे लिटरवर घरात रोज चर्चा होऊ लागली.

चिरंजीवांचं मत तयार होतं. “बाबा, पॅनलवर मुळातच दोन-दोन तासांच्या दोन पाळ्या लावलेल्या आहेत. एफ-१ आणि एफ-२. कंपनीने विचार करूनच लावल्या असतील ना?”

“कंपनीने टब विकायचा विचार केलेला असतो,” मी म्हणालो. “पाणी तुझं आहे.”

मग त्याने फोनवर हिशेब केला. हल्लीची मुलं तोंडी हिशेब करत नाहीत, पण हिशेब सोडतही नाहीत. मंद गतीवर पंप मिनिटाला ८० लिटर पाणी ढकलतो असं धरलं, तर १५०० लिटर १९ मिनिटांत फिरून येतात. “म्हणजे चार तासही जास्तच झाले. वीस मिनिटं बास.”

इथे मला खुर्ची ओढून बसावं लागलं. पाणी काही रांग लावून फिल्टरमधून जात नाही. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना होतं ते इथे होतं: पुढची पोरं तीन-तीनदा हात पुढे करतात आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या काकांपर्यंत वाटी पोचतच नाही. गाळलेलं पाणी पुन्हा त्याच टबात मिसळतं आणि पुन्हा फिल्टरकडे येतं. पाणी चांगलं ढवळलं जातंय असं धरलं, तर एका फेरीत ६३ टक्केच पाणी गाळून होतं. दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५, चार फेऱ्यांत ९८. शंभर कधीच होत नाहीत. पाणीपट्टीच्या वसुलीत मी अठ्ठ्याण्णवसुद्धा कधी पाहिले नाहीत, त्यामुळे त्या आकड्यावर माझं समाधान होतं.

“म्हणजे चार फेऱ्या. सव्वा तास,” चिरंजीव म्हणाले.

“कोणी न बसलेल्या टबाला.”

सगळी गोम इथेच आहे. किती तास हे घड्याळावर ठरत नाही, टबात कोण आणि किती जण बसले यावर ठरतं. चौघं बसले तर माणशी पावणेचारशे लिटर पाणी येतं. ऑलिंपिकचा तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल धरला, तर त्यात २५ लाख लिटर मावतात. टबातली दाटी त्या तलावात करायची म्हटलं तर साडेसहा हजारांवर माणसं सोडावी लागतील, आणि तीही ४० अंशांच्या पाण्यात घाम गाळत, अंगाला लोशन लावून, नुसती गप्पा मारत बसलेली. हे सांगितल्यावर सूनबाई टबातून उठून घरात गेल्या. पाणी स्वच्छ राखायचा इतका परिणामकारक उपाय मला नंतर सापडला नाही.

कुंपणापलीकडचे गृहस्थ मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनाही टब, त्यांनाही वेळ. त्यांना विचारलं तर म्हणाले, चोवीस तास, दुसरा विचारच नाही. एवढ्या ठामपणे बोलणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा त्याच्याकडे निराळी यंत्रणा असते. मी जाऊन फळी काढून पाहिली. त्यांच्या टबाला गाळण्यासाठी वेगळा, छोटा पंप होता. तो थोडं थोडं पाणी फिल्टरमधून सतत फिरवत राहतो आणि वीज अगदी कमी खातो. जेटचा मोठा पंप माणूस बसल्यावरच लावायचा. आमच्या टबाला दोन्ही कामांना एकच पंप: मंद गतीवर गाळायचं, जलद गतीवर पाठ रगडायची. त्यांचं उत्तर बरोबर होतं, फक्त ते आमच्या टबाचं नव्हतं.

चिरंजीवांनी तरीही भर जुलैत एक दिवस चोवीस तास लावून पाहिला. पंपाची मोटार चालता चालता आपली उष्णता पाण्यात सोडते आणि वरचं जाड झाकण ती बाहेर जाऊ देत नाही. हीटर बंद असूनही लावलेल्या ९८ अंशांवरून पाणी १०३ वर गेलं. टबात बसायची मर्यादा १०४ फॅरनहाइट, म्हणजे आपले ४० अंश. सौ.ने त्यात बोट बुडवलं आणि आलं किसू का म्हणून विचारलं.

सौ.चं स्वतःचं मत शून्य तास असं होतं. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात तिने संसार केला. पहाटे उठून मोटार लावायची आणि टाकी भरली की धावत जाऊन बंद करायची, हे तिच्या हाडात गेलेलं आहे. रात्री तीनला अंगणात घूं घूं सुरू झालं की ती ताडकन उठून बसे. “अहो, मोटार चालू राहिलीय कोणाची तरी!” मोटार आपलीच आहे आणि ती चालू राहायलाच ठेवली आहे, हे तिला पटत नसे. मग ती शाल गुंडाळून बाहेर जाई आणि भिंतीवरचा टबाचा खटका पाडून येई. दुपारची झोप झाली की तीनच्या सुमाराला, पाणी गार पडू नये म्हणून, परत वर करी.

याचा एक तांत्रिक परिणाम असा झाला की बिल वाढलं. आमच्या टबाच्या घड्याळाला जगातली वेळ माहीत नाही. वीज आली की त्याचा दिवस उगवतो आणि लगेच एफ-१ सुरू होतो. आमच्याकडे आठवड्याच्या दिवसांत दुपारी ३ ते ७ वीज महाग असते. म्हणजे सौ. पैसे वाचवायला रात्री खटका पाडत होती आणि फिल्टर नेमका महागाच्या विजेवर चालत होता. हे मी तिला कागदावर आकृती काढून समजावलं. तिने कागद पाहिला आणि विचारलं, “मग रात्री मी झोपायचं कधी?” आकृतीत याचं उत्तर नव्हतं. शेवटी एक पाळी संध्याकाळी सातनंतर आणि एक सकाळी, अशी तडजोड झाली.

पैशांचंही सांगून टाकतो, कारण प्रत्येक मराठी माणूस मनात तेच विचारत असणार. मंद गतीवर पंप ३०० वॉट घेतो असं धरा. चार तासांना १.२ युनिट, चोवीस तासांना ७.२. युनिटला २० सेंट धरले तर एकीकडे रोजचे २४ सेंट, दुसरीकडे १ डॉलर ४४ सेंट. सौ.ने ते तिथल्या तिथे रुपयांत केले आणि ‘रोज सव्वाशे!’ म्हणून कपाळाला हात लावला. खरं तर टबाची वीज खातो तो हीटर, आणि हीटरची वीज खातं ते नीट न बसलेलं झाकण. पण झाकणाबद्दल कोणी भांडत नाही. तासांबद्दल भांडता येतं.

टबांच्या एका दुकानात पाण्याची तपासणी फुकट करून मिळते असं कळलं, म्हणून बाटलीत नमुना भरून नेला. काउंटरवरच्या मुलाने तो यंत्रात घातला आणि हातभर कागद छापून दिला. तपासणी फुकट होती. कागदाच्या तळाशी लिहिलेले चार डबे फुकट नव्हते. तास विचारले तर म्हणाला आठ. का आठ, तर सगळे आठच करतात.

कागदावरचा क्लोरीनचा आकडा पाहून मात्र मला गहिवरून आलं. आमच्या गावात शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन सापडलं की आम्ही निश्चिंत व्हायचो. हॉट टबात किमान ३ लागतं. पंधरापट! गरम पाण्यात क्लोरीन भराभर उडतं, आणि जे उरतं ते बसलेल्यांच्या घामावर आणि तेलावर खर्च होतं, म्हणून सामू ७.२ ते ७.८ मध्ये धरून क्लोरीन पुन्हा पुन्हा घालावं लागतं. इथे तासांचा खरा उपयोग कळतो. फिल्टर जंतू मारत नाही. तो केस, कातडीचा कोंडा, तंतू आणि माती धरतो. मारतं क्लोरीन, आणि ते टबाच्या कोपऱ्याकोपऱ्यात, पाइपाच्या वळणावळणात पोचवायचं काम पंपाचं. बसून उठल्यावर क्लोरीन घालून पाळी सुरू व्हायला हवी ती याचसाठी.

हे थट्टेवारी न्यायचं नाही. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेल गावी फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेल्या एका टबाच्या तुषारांतून लिजिओनेला हा न्यूमोनियाचा जंतू हवेत पसरला आणि किमान ३२ माणसं दगावली. ती टबात बसलेलीही नव्हती. फुलं बघायला आली होती आणि बाजूने चालत गेली होती. हे मी जेवताना सांगितलं. तेव्हापासून क्लोरीनची पट्टी बुडवून रंग बघायचं काम नातू स्वतःहून करतो. लॉगबुकात त्याच्या सहीचा रकाना वेगळा आहे.

सौ. टबात उतरली ती जकूझींमुळे. हे जकूझी बंधू मूळचे इटलीचे, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत स्थायिक झालेले. आधी त्यांनी विमानाचे पंखे केले, मग विहिरीचे पंप. म्हणजे मंडळी आमच्याच धंद्यातली. त्यांतल्या कँडिडो जकूझीच्या मुलाला, केनेथला, लहानपणीच संधिवात जडला. पाण्याच्या फवाऱ्याने त्याला बरं वाटे, म्हणून बापाने घरच्या न्हाणीत बसवता येईल असा पंप तयार केला. १९५६ मध्ये तो बाजारात आला. पुढे १९६८ मध्ये घरातल्याच रॉय जकूझीने फवारे टबातच बसवले. हे ऐकून सौ.ने आधी आमच्या चिरंजीवांकडे पाहिलं. बापाने मुलाच्या सांध्यांसाठी केलं, मुलगा आईच्या गुडघ्यांसाठी काय करतो, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. चिरंजीवांनी मुकाट्याने झाकण उघडलं.

ती उतरली सलवार-कमीज घालून. पोहण्याचा पोशाख हा विषय आमच्या घरात निघाला नाही, निघणारही नाही. सलवार-कमीज आदल्या दिवशी दुप्पट साबणाची पूड घालून धुतलेली. जेट लावले मात्र, पाण्यावर फेस आला. तो आधी कमरेला लागला, मग खांद्याला, आणि थोड्या वेळाने सौ.चं नुसतं कुंकू दिसू लागलं. कपड्यात उरलेला साबण टबात असा उठतो. तेव्हापासून टबाचे कपडे नुसत्या पाण्यात धुवायचे असा नियम झाला. गुडघ्यांना मात्र बरं वाटलं. त्यानंतर शून्य तासांचा पक्ष आपोआप विसर्जित झाला.

मग आली दिवाळी.

चिरंजीवांची दोन मित्रकुटुंबं मुक्कामाला आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे बाहेर गवतावर दहिवर गोठलेलं, घरात अभ्यंगस्नानाला थांबलेली दहा माणसं, आणि गरम पाण्याची टाकी तिघांत संपणारी. सौ.ने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंधारात झाकणाच्या कडेने वाफ येत होती.

“अहो, एवढं पंधराशे लिटर तापलेलं पाणी बाहेर पडलंय,” ती म्हणाली, “आणि इथे पोरं कुडकुडतायत.”

मी हरकत घेतली. तोंडी घेतली आणि लॉगबुकातही घेतली. वेळ पहाटे ५.४०, नोंद वाचता येते. पण तोवर पाटावर बसवून तिळाचं तेल लावणं सुरू झालं होतं. पोरांना, त्यांच्या बापांना, अगदी कार्यालयात ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत अशांना. मग उटणं. कारीट नोव्हायला मिळत नाही, म्हणून अंगठ्याखाली चेरी टोमॅटो फोडून नरकासुराचा वध उरकला आणि सगळी मंडळी तेलाउटण्यासह पाण्यात उतरली. कोणीतरी फुलबाजी लावली. दृश्य सुंदर होतं, हे मी नाकारत नाही. लॉगबुकात तशी नोंद मात्र नाही.

दुपारपर्यंत पाण्याला हळदीचा रंग आला आणि टबाच्या कडेला तेलाची पिवळी रेघ उमटली. चिरंजीवांनी तास चारावरून बारावर नेले. पाणी तसंच. संध्याकाळी पॅनलवर प्रवाह कमी पडल्याची अक्षरं लुकलुकू लागली आणि हीटरने अंग काढून घेतलं. मी फिल्टर बाहेर काढला. हा कागदासारखा दिसणारा, पॉलिएस्टरच्या घड्यांचा नळकांडा असतो. प्रत्येक घडीत उटणं बसलं होतं आणि त्यावर तेलाने शिक्का मारला होता. आमच्या वाळूच्या फिल्टरला उलटं पाणी सोडून बॅकवॉश देता येतो. याला तसं काही नाही. नळीने घडी न् घडी धुवायची, मग फिल्टर धुण्याच्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवायचा. तुंबलेल्या फिल्टरला तास वाढवून देणं म्हणजे पंपाला नुसती शिक्षा. पाणी गढूळ दिसलं की आधी फिल्टर काढून बघावा, तासांचा विचार नंतर करावा, हे मी दिवाळीच्या फराळावर सगळ्यांना सांगितलं. ऐकलं कोणी नाही, चकली चांगली झाली होती.

पाणी सोडून द्यावं लागलं. एरवीही तीन-चार महिन्यांनी ते बदलायचंच असतं. क्लोरीन उतरेपर्यंत थांबून हिरवळीवर सोडलं. कुंपणापलीकडून ते गृहस्थ आले, दीर्घ श्वास घेतला आणि हे कोणतं नवं रसायन वापरता म्हणून विचारू लागले, वास फार छान आहे. सौ.ने त्यांना उटण्याची एक पुडी दिली. त्यांचा पंप चोवीस तास चालतो, या विचाराने मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

परतीचं तिकीट जवळ आलं तेव्हा मी लॉगबुकाच्या पहिल्या पानावर स्थायी सूचना लिहून ठेवल्या. एरवी दोन अधिक दोन तास. पाहुणे आले तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आठ. फिल्टर आठवड्याला नळीने धुवावा, महिन्याला द्रावणात बुडवावा, आणि एक जादा फिल्टर कपाटात असावा. टबात उतरण्याआधी प्रत्येकाने अंघोळ करावी. या शेवटच्या कलमावर सौ.चा आक्षेप आहे, की अंघोळच करायची तर टबात कशाला जायचं. आक्षेप नोंदवून घेतला आहे.

जायच्या आदल्या रविवारी त्या मित्रांपैकी एकाचे वडील आले. आपल्याकडे वीज खात्यात होते, अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त. आम्ही दोघं टबात बसलो. माझे चार तास ऐकून त्यांनी मान हलवली. म्हणाले, पाणीपुरवठ्यावाल्यांना विजेची किंमत कधी कळलीच नाही, दोन तास पुष्कळ झाले, आणि तेही रात्री अकरानंतर. मी त्यांना ६३ टक्के, ८६ टक्के समजावलं. त्यांनी मला पॉवर फॅक्टर समजावला. मी नगरपालिकेचं थकलेलं वीजबिल काढलं नाही, त्यांनीच काढलं. वाद चांगला रंगला असताना जेट एकाएकी बंद पडले. पंधरा मिनिटं झाली की आमच्या टबात ते आपोआप बंद होतात, मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं.

“लोडशेडिंग,” मी म्हणालो.

“आमच्या सर्कलमध्ये नव्हतं,” ते तत्काळ म्हणाले.